श्वानांच्या आहारातील कडधान्ये आणि हृदयविकार

एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या बाजारपेठेत कुत्र्यांच्या तयार खाद्याचा एक नवा प्रकार दिसू लागला आणि दहा-पंधरा वर्षांत तो झपाट्याने पसरला. त्याच्या पिशवीवर ‘धान्यविरहित’ अशा अर्थाचे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असत. मराठी वाचकाची या शब्दाने थोडी गल्लत होण्याचा संभव आहे. तूर, हरभरा, मसूर, वाटाणा यांनाही आपण धान्येच म्हणतो. ‘कडधान्य’ या शब्दातच धान्य आहे. इंग्रजी व्यवहारात मात्र धान्य म्हणजे गहू, मका, तांदूळ, जव यांसारखी तृणधान्ये होत आणि शेंगेत पिकणारी द्विदल बीजे त्यांहून निराळी गणली जातात. तेव्हा या पिशव्यांतून जे वगळलेले होते ते तृणधान्य, कडधान्य नव्हे. किंबहुना तृणधान्याच्या रिकाम्या झालेल्या जागी बहुतेक वेळा वाटाणा, मसूर आणि हरभरा हेच येऊन बसले होते. या अदलाबदलीमुळे काही कुत्र्यांची हृदये दुबळी झाली काय, हा प्रश्न २०१८ पासून पशुवैद्यकापुढे उभा आहे. त्याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. परंतु ते शोधण्याच्या प्रयत्नात आहार, रोग आणि पुरावा यांच्या परस्परसंबंधांविषयी जे हाती लागले ते कुत्रा न पाळणाऱ्यानेही समजून घ्यावे असे आहे.

कुत्र्यासाठी कारखान्यात खाद्य तयार करण्याची कल्पना फारशी जुनी नाही. १८६०च्या दशकात जेम्स स्प्रॅट नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने इंग्लंडमध्ये गव्हाचे पीठ, भाज्या आणि मांसाचा अंश यांपासून केलेली खास श्वानबिस्किटे विकावयास काढली. त्यापूर्वी कुत्रा घरातील उरलेसुरले खाऊन जगत असे आणि जगाच्या मोठ्या भागात तो आजही तसाच जगतो. आपल्याकडील खेड्यातील कुत्र्याच्या वाट्याला शिळी भाकरी, ताक-भात आणि क्वचित एखादे हाड एवढेच येते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डबाबंद मांसयुक्त खाद्याचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धात कथिलाची टंचाई निर्माण झाली तेव्हा उत्पादक कोरड्या खाद्याकडे वळले. १९५०च्या दशकात एक्स्ट्रूडर हे यंत्र या व्यवसायात आले. मांसाची भुकटी, पीठ आणि पाणी यांचा लगदा या यंत्रात उष्णता व दाब यांच्या साहाय्याने शिजतो आणि साच्याच्या भोकांतून बाहेर पडताना कुरमुऱ्यासारखा फुलतो. पुढे तो वाळवून त्यावर चरबीचा हलका लेप देतात.

या कृतीत पिष्ट पदार्थाला मोठे महत्त्व आहे. पिष्टावाचून लगदा फुलत नाही, दाणा दाण्याचा आकार धरत नाही, पिशवीच्या तळाशी नुसता चुरा साचतो. म्हणून कोरड्या खाद्यातून गहू आणि मका काढावयाचे ठरविले, तर पिष्ट पुरविणारे दुसरे काहीतरी घालावेच लागते. बटाटा आणि रताळे हे दोन पर्याय आहेत. परंतु वाटाणा व मसूर यांची सोय त्याहून मोठी आहे. त्यांत पिष्टही आहे आणि प्रथिनेही आहेत. उत्पादकाच्या दृष्टीने हा दुहेरी लाभ होय. कारण मांस हा खाद्यातील सर्वांत महाग घटक असतो आणि कडधान्यातील प्रथिनांमुळे पिशवीवरील प्रथिनांचा आकडा मांस न वाढविताही वर चढतो.

तृणधान्याविषयी एवढा दुरावा का निर्माण झाला, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिले कारण एका कल्पनेत होते. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडगा धान्य खात नाही, म्हणून कुत्र्यालाही धान्य अपायकारक, अशी ती कल्पना. ऐकताना ती सयुक्तिक वाटते. परंतु माणसाच्या शेकोटीजवळ काढलेल्या हजारो वर्षांत कुत्र्याचे शरीर बदलले, ही गोष्ट ती विसरते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टाचे पचन करणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या; कुत्र्यांत त्या चारपासून तिसापर्यंत होत्या. शेतीबरोबर माणसाचे अन्न बदलले आणि त्याच्या उष्ट्यावर जगणाऱ्या प्राण्याचे पोटही त्यानुसार घडत गेले.

दुसरे कारण एका दुर्घटनेचे होते. २००७ साली अमेरिका व कॅनडा येथे अनेक कुत्री आणि मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. चीनमधून आयात केलेल्या, गव्हाचे ग्लूटेन म्हणून विकल्या गेलेल्या मालात मेलामाइन हे रसायन मिसळलेले असल्याचे तपासात उघड झाले. प्रथिनांचे प्रमाण सामान्यतः पदार्थातील नायट्रोजन मोजून काढतात. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असल्याने हलका माल कागदावर भारी ठरतो. दोष गव्हाचा नव्हता, भेसळीचा होता. परंतु धास्तावलेल्या मनाला हा भेद फार काळ लक्षात राहत नाही. ‘गहू’ हा शब्दच संशयास्पद झाला आणि धान्यविरहित खाद्याला अनुकूल भूमी तयार झाली.

याखेरीज धान्यामुळे कुत्र्यांना अंगावर खाज सुटते, पोट बिघडते, असाही समज रूढ होता. अन्नाची अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी, कुत्र्यांना होते हे खरे. तथापि २०१६ साली अशा २९७ कुत्र्यांच्या प्रकाशित नोंदींचे जे संकलन झाले त्यात गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७ टक्के आणि कोंबडीचे मांस १५ टक्के कुत्र्यांना बाधले होते. गव्हाचा क्रमांक त्यांच्यानंतर, १३ टक्क्यांवर होता. म्हणजे ज्या मांसाच्या नावाने धान्यविरहित खाद्य विकले जात होते तेच अधिक वेळा अपराधी ठरले होते.

खाद्याच्या पिशवीवर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी, असा अमेरिकेतील नियम आहे. हा नियम चांगला. पण त्यातून निसटण्याच्या वाटाही आहेत. ताज्या मांसात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे ते वजनात भरते आणि यादीत पहिले येते. दाणा वाळल्यावर त्यातील मांसाचा वाटा बराच कमी झालेला असतो. कडधान्याचे याच्या उलट होते. सगळा वाटाणा एकत्र मोजला असता तो यादीच्या शिरोभागी जाऊन बसला असता. तोच वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन, वाटाण्याचे पिष्ट, वाटाण्याचा तंतुमय भाग अशा चार नावांनी लिहिला, की प्रत्येक नाव खाली खाली सरकते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते वरचे मांस. यात बेकायदा असे काही नाही. परंतु कुत्रा नेमके काय खातो याचा अंदाज त्याच्या मालकाला यादीवरून येत नाही, ही या प्रकरणातील एक मोठी अडचण ठरली.

आता हृदयाकडे वळू. ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’ या विकारात हृदयाचा स्नायू दुर्बल होतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांना, म्हणजे जवनिकांना, आकुंचन पावून रक्त पुढे ढकलावयाचे असते. स्नायूची शक्ती घटली की प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त आत शिल्लक राहते, कप्पा ताणला जातो, त्याच्या भिंती पातळ होतात आणि झडपांची तोंडे पूर्ण मिटेनाशी होतात. याला मराठीत ‘विस्फारित हृदयस्नायुविकार’ म्हणता येईल. रोग पुष्कळ दिवस गुप्तपणे वाढतो. नंतर कुत्रा फिरावयास नेला असता लवकर दमतो, खोकतो, रात्री त्याचा श्वास जलद चालतो, मध्येच त्याला भोवळ येते. काही कुत्र्यांत रोगाची पहिली खूण म्हणजे अकस्मात मृत्यू होय. निदानाचे खात्रीचे साधन म्हणजे इकोकार्डिओग्राफी. ध्वनिलहरींनी उमटविलेल्या या चित्रात हृदयाच्या कप्प्यांचा आकार आणि त्यांचे आकुंचन प्रत्यक्ष मोजता येते. डोबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड यांसारख्या थोराड जातींत हा विकार पुष्कळ अंशी आनुवंशिक असतो. औषधांनी तेथे आयुष्य थोडे लांबविता येते, हृदय मात्र पूर्ववत होत नाही.

आनुवंशिक विकारात नसलेली एक आशा आहारजन्य विकारात असते. आहारातील उणीव भरून काढली तर हृदय पुन्हा आकुंचन पावू लागते. हे मांजरांच्या बाबतीत पूर्वीच सिद्ध झालेले आहे. तो इतिहास येथे सविस्तर सांगावयास हवा. कारण कुत्र्यांच्या प्रश्नाकडे पाहणाऱ्या प्रत्येक संशोधकाच्या मनात तो होता.

टॉरीन हे गंधकयुक्त ॲमिनो अम्ल बैलाच्या पित्तातून १८२७ साली प्रथम वेगळे करण्यात आले आणि बैलाच्या लॅटिन नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. ते प्रथिनांच्या साखळीत गुंफले जात नाही, पेशींत मोकळेच असते. हृदयाच्या स्नायूत त्याचे प्रमाण विशेष मोठे आहे आणि तेथील कॅल्शियमच्या देवघेवीशी त्याचा संबंध आहे. मांस व मासे यांत ते आढळते, वनस्पतींत जवळजवळ नसते. माणूस आणि कुत्रा हे प्राणी मेथिओनिन व सिस्टीन या दुसऱ्या गंधकयुक्त ॲमिनो अम्लांपासून आपल्यापुरते टॉरीन शरीरात बनवू शकतात. मांजराला ही कला फारशी साधलेली नाही. १९७५ साली असे दिसून आले, की टॉरीनच्या अभावी मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो आणि ते आंधळे होते. त्यानंतर खाद्यातील टॉरीनचे किमान प्रमाण ठरविण्यात आले आणि प्रश्न मिटला असे सर्वांना वाटले.

तो मिटला नव्हता. त्या काळी अमेरिकेत दरवर्षी हजारो मांजरे विस्फारित हृदयस्नायुविकाराने मरत होती आणि त्याचे कारण कळत नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात पॉल पियन आणि त्यांचे सहकारी यांनी अशा मांजरांच्या रक्तातील टॉरीन मोजले. १९८७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात विकारग्रस्त अशा २१ मांजरांच्या रक्तात टॉरीन कमी आढळल्याची नोंद आहे. टॉरीन पोटात दिल्यावर त्यांची हृदये सुधारली. विशेष म्हणजे ही मांजरे उपाशी नव्हती किंवा काही भलतेच अन्न खात नव्हती. त्यांच्या खाद्यात त्या वेळच्या मानाने पुरेसे मानले जाणारे टॉरीन होते. ‘पुरेसे’ हा आकडाच चुकीचा होता. खाद्य डब्यात उष्णतेने प्रक्रिया करून भरले की आतड्यातील सूक्ष्मजंतू अधिक टॉरीन नष्ट करतात, हेही पुढे समजले. म्हणून अमेरिकेतील प्रमाणकांत कोरड्या खाद्यासाठी ०.१ टक्का, तर डबाबंद खाद्यासाठी त्याच्या दुप्पट टॉरीन ठरविण्यात आले. उत्पादकांनी टॉरीन वाढविले आणि मांजरांतील हा रोग दुर्मीळ झाला. रक्त तपासावे, एक पदार्थ कमी सापडावा, तो द्यावा आणि रोगी बरा व्हावा, इतकी सरळ उदाहरणे पोषणशास्त्रात थोडी आहेत.

कुत्रा स्वतः टॉरीन बनवितो म्हणून त्याच्या खाद्यात ते घालण्याची सक्ती अमेरिकन प्रमाणकांत केलेली नाही. परंतु त्याच्या शरीरातही एक अडचण आहे. पचनासाठी यकृतातून आतड्यात येणारी पित्ताम्ले कुत्रा व मांजर हे प्राणी केवळ टॉरीनशीच जोडतात. माणूस त्या कामी ग्लायसीनही वापरतो. एरवी ही पित्ताम्ले आतड्यातून पुन्हा शोषली जातात. आहारात तंतुमय पदार्थ फार झाले तर ती मलावाटे अधिक प्रमाणात बाहेर जाण्याचा संभव असतो आणि त्यांच्याबरोबर टॉरीनही जाते. म्हणजे एका बाजूने कच्चा माल अपुरा आणि दुसऱ्या बाजूने गळती, अशी स्थिती येऊ शकते. कडधान्यांत तंतुमय भाग पुष्कळ असतो, आणि त्यांच्या प्रथिनांत नेमके मेथिओनिनच कमी असते.

ही दुसरी गोष्ट भारतीय वाचकाला नवी वाटू नये. तृणधान्यात लायसीन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, खिचडी, डाळ-भाकरी यांत ही भरपाई पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. खाद्यातून तृणधान्य काढून कडधान्य वाढविताना या जोडीतील एक भिडू बाहेर गेला. मांस भरपूर असेल, किंवा उत्पादकाने मेथिओनिन वेगळे घातले असेल, तर बिघडत नाही. पण तसे घातले आहे की नाही, हे उत्पादकाच्या ज्ञानावर आणि दक्षतेवर अवलंबून राहते.

कुत्र्यांतील टॉरीनच्या उणिवेची उदाहरणेही आधी मिळालेली होती. अमेरिकन कॉकर स्पॅनिएल जातीच्या विकारग्रस्त कुत्र्यांना टॉरीन व कार्निटीन दिल्यावर सुधारणा होते, हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. पुढे न्यूफाउंडलंड जातीत मेंढीचे मांस व तांदूळ असलेल्या खाद्यावर टॉरीन कमी झाल्याचे आढळले. ध्यानात घ्यावे, की त्या खाद्यात तांदूळ होता. २०१८ साली डेव्हिस येथील संशोधकांनी टॉरीनची उणीव व हृदयविकार असलेल्या २४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी २३ कुत्री तृणधान्यविरहित किंवा कडधान्यबहुल खाद्यावर होती. खाद्य बदलून टॉरीन दिल्यावर एक वगळता सर्वांची प्रकृती सुधारली.

त्याच वर्षी १२ जुलै रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या विषयाची चौकशी चालू असल्याचे जाहीर केले. ज्या जातींत हा विकार सहसा आढळत नाही त्या जातींच्या कुत्र्यांतही तो आढळत असल्याचे पशुवैद्यांनी कळविले होते आणि अशी कुत्री बहुधा वाटाणा, मसूर, इतर कडधान्ये किंवा बटाटा हे मुख्य घटक असलेल्या खाद्यावर होती. २७ जून २०१९ रोजी प्रशासनाने आकडे प्रसिद्ध केले. जानेवारी २०१४ पासून एप्रिल २०१९ अखेर ५२४ अहवाल आले होते. त्यांपैकी ५१५ कुत्र्यांसंबंधी आणि ९ मांजरांसंबंधी होते. एका घरातील अनेक प्राण्यांचा एकच अहवाल असल्यामुळे प्रत्यक्ष कुत्र्यांची संख्या ५६० होती, आणि त्यांपैकी ११९ दगावली होती. अहवालांतील खाद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक तृणधान्यविरहित होती. ९३ टक्के खाद्यांत वाटाणा किंवा मसूर किंवा दोन्ही होते. दहा किंवा अधिक अहवाल ज्यांच्याविषयी आले अशा सोळा छापांची नावेही प्रशासनाने जाहीर केली.

हे आकडे भयावह वाटतात आणि एका अर्थाने आहेतही. प्रत्येक आकड्यामागे एखाद्या घरातील जीव आहे. पण ते वाचताना सावधगिरी हवी. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांची संख्या ७ कोटी ७० लाख असल्याचा अंदाज त्याच निवेदनात दिलेला आहे. धान्यविरहित खाद्यावरील बहुसंख्य कुत्र्यांना काहीही झाले नाही. शिवाय हे अहवाल कोणी मोजणी करून गोळा केलेले नव्हते. ज्यांना शंका आली त्यांनी ते पाठविले. जुलै २०१८ ची घोषणा होताच अहवालांची संख्या एकदम वाढली. रोग त्या महिन्यात वाढला असे त्यावरून म्हणता येत नाही, लोकांचे लक्ष वाढले एवढेच म्हणता येते. धान्यविरहित खाद्य देणारा मालक जे वाचून घाबरला आणि कुत्र्याला तपासावयास घेऊन गेला, ते गव्हाचे खाद्य देणाऱ्याने वाचून सोडून दिले असणार. अशा संग्रहातून कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही, हे प्रशासनाने स्वतःच सांगितले होते. तथापि संशय व्यक्त करण्यासाठीही हा संग्रह निरुपयोगी होता असे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाण्यासारखे आहे. आहारापासून उद्भवलेल्या अनेक रोगांचा पहिला सुगावा अशाच विस्कळीत नोंदींतून लागलेला आहे.

मांजरांचा इतिहास ठाऊक असल्यामुळे सर्वांची नजर टॉरीनकडे गेली, यात नवल नाही. येथे मात्र वाट अडली. पुष्कळ रोगी कुत्र्यांच्या रक्तात टॉरीन नेहमीइतकेच होते. प्रशासनाने बाजारातील खाद्यांचे पृथक्करण केले तेव्हा प्रथिने, चरबी, मेथिओनिन, सिस्टीन आणि टॉरीन यांची सरासरी प्रमाणे तृणधान्य असलेल्या व नसलेल्या खाद्यांत सारखीच निघाली. म्हणजे गोल्डन रिट्रीव्हरसारख्या काही कुत्र्यांपुरते टॉरीनचे स्पष्टीकरण लागू पडते. बाकीच्यांत काही निराळेच घडत असावे. एखादे पोषकद्रव्य खाद्यात आहे पण शरीराला मिळत नाही, असे असेल. उलट, काही कमी नसून काहीतरी जास्त आहे, म्हणजे कडधान्यातील एखादे द्रव्य मोठ्या प्रमाणात व दीर्घकाळ पोटात गेल्याने हृदयाच्या पेशींना अपाय करते, असेही असेल. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी इतरांच्या सहकार्याने २०२१ साली संशयित आणि इतर खाद्यांतील शेकडो जैवरासायनिक द्रव्यांची तुलना केली. दोन गटांतील फरकांशी सर्वांत निकटचा संबंध वाटाण्याचा दिसला. वाटाण्याचे नाव पुढे आले खरे, पण त्यातील कोणते द्रव्य अपराधी, किंवा अपराध तरी आहे काय, हे त्यातून ठरत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितक्याच काळजीने पाहिला पाहिजे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २८ सायबेरियन हस्की कुत्र्यांचे चार गट करून त्यांना कडधान्यांचे प्रमाण शून्य, १५, ३० आणि ४५ टक्के असलेले खाद्य २० आठवडे दिले. पोषणदृष्ट्या समतोल राखलेल्या या खाद्यामुळे हृदयाच्या कार्यात बिघाड दिसला नाही. हा प्रयोग नीट आखलेला आहे आणि कडधान्य म्हणजे विष, असे मानणाऱ्यांना त्याने चांगले उत्तर दिले आहे. पण गटात सातच कुत्री आणि अवधी पाच महिन्यांहून कमी. जो विकार थोड्याच कुत्र्यांत आणि बहुधा दीर्घकाळाने प्रकट होतो, तो अशा जाळ्यात सापडेलच असे नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ मधील आणखी एका अभ्यासात, धान्यविरहित खाद्याची विक्री वाढत असतानाही विकाराच्या निदानाचे प्रमाण तशा रीतीने वाढलेले दिसले नाही. त्या अभ्यासाचे लेखक पशुखाद्य उद्योगाला सल्ला देणारे होते. उलट बाजूला धान्यविरहित खाद्यावर टीका करणाऱ्या काही विद्यापीठीय संशोधकांना जुन्या, मोठ्या खाद्य-उत्पादकांकडून अनुदाने मिळत होती. दोन्ही गोष्टी लेखकांनी स्वतःच निबंधात नोंदविल्या आहेत. एकाचे हितसंबंध दाखवून दुसऱ्याचा निष्कर्ष खरा ठरत नाही. वादाच्या गदारोळात हे साधे तर्कशास्त्र दोन्ही पक्षांनी अनेकदा गुंडाळून ठेवले.

या वादात आणखी एक गोंधळ नावामुळे झाला. लहान उत्पादकांची खाद्ये, कांगारू किंवा बायसन यांसारख्या अनोळखी प्राण्यांच्या मांसाची खाद्ये आणि धान्यविरहित खाद्ये या तिन्हींना सुरुवातीला एकाच मोटेत बांधण्यात आले. उत्पादक लहान आहे ही गोष्ट आणि खाद्यात वाटाणा आहे ही गोष्ट यांचा परस्परांशी काय संबंध? लहान उत्पादकाकडे पोषणतज्ज्ञ नसण्याचा संभव अधिक, एवढा संबंध असू शकेल. परंतु मग प्रश्न सूत्र बनविणाऱ्याच्या कौशल्याचा होतो, वाटाण्याचा राहत नाही. नंतरच्या लेखनात हा भेद बराच स्पष्ट झाला आणि ‘धान्यविरहित’ या शब्दाऐवजी ‘कडधान्यबहुल’ हा अधिक नेमका शब्द वापरात येऊ लागला. तृणधान्य नसणे हा रोगाचा हेतू असल्याचा पुरावा नाही. तृणधान्य असलेल्या पण कडधान्यही भरपूर असलेल्या खाद्याचा त्यात समावेश होऊ शकतो.

कडधान्ये पूर्वीही कुत्र्यांच्या खाद्यात होती आणि ती मूलतः अपायकारक असल्याचा पुरावा नाही, असे अन्न व औषध प्रशासनाने म्हटले आहे. नव्या खाद्यांत बदलले ते त्यांचे प्रमाण. प्रमाणाच्या या प्रश्नाचे एक गंभीर उदाहरण भारतात घडलेले आहे. खेसारी, जिला विदर्भात लाखोळी म्हणतात, ती डाळ इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर सहसा काही होत नाही. मध्य प्रदेशातील रीवासारख्या भागात दुष्काळात दुसरे काही पिकले नाही की गरीब शेतमजूर महिनोन्‌महिने तिच्यावरच दिवस काढीत. त्यांतील काहींचे पाय कायमचे लुळे पडत. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्या बियांतील मज्जातंतूंना मारक असे द्रव्य वेगळे केले. वाटाणा किंवा मसूर यांत ते द्रव्य आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो रोगही हृदयाचा नव्हे. साम्य आहे ते एवढेच, की ताटातील एक पदार्थ म्हणून निर्धोक असलेली डाळ संपूर्ण ताटच व्यापते तेव्हा तिची परीक्षा नव्याने करावी लागते. माणूस सहसा रोज निरनिराळे खातो. पिशवीतील खाद्यावर वाढणारा कुत्रा मात्र एकच मिश्रण सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे खातो. सूत्रातील बारीकशी चूकही त्याच्या बाबतीत रोज दोनदा घडते.

डिसेंबर २०२२ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले, की अर्थपूर्ण अशी नवी शास्त्रीय माहिती मिळेपर्यंत या विषयावर नियमित निवेदने काढण्यात येणार नाहीत. १ नोव्हेंबर २०२२ पर्यंत कुत्र्यांतील विकाराचे १,३८२ अहवाल आलेले होते. अनेकांनी याचा अर्थ चौकशी संपली, खाद्ये निर्दोष ठरली, असा केला. निवेदनात तसे म्हटलेले नाही. दोषही सिद्ध झाला नाही आणि निर्दोषत्वही नाही. आनुवंशिकता, इतर आजार, घटकांचे प्रमाण व त्यांवरील प्रक्रिया अशी अनेक कारणे मिळून हे घडत असावे, असाच एकंदर सूर आहे.

दरम्यान आजारी कुत्रा समोर घेऊन बसलेल्या पशुवैद्याला सिद्धान्ताची वाट पाहत थांबता येत नाही. त्याच्या हाती एक गोष्ट आहे. टफ्ट्स येथील २०२१ च्या एका अभ्यासात, कडधान्यबहुल वगैरे नव्या प्रकारच्या खाद्यावर असताना विकार जडलेल्या कुत्र्यांचे खाद्य बदलल्यावर त्यांचे हृदय पुष्कळ अंशी सुधारले आणि नेहमीच्या खाद्यावर असताना तोच विकार जडलेल्या कुत्र्यांपेक्षा ती अधिक जगली. त्यांना औषधेही चालू होती, त्यामुळे सगळे श्रेय आहाराला देता येत नाही. तरीही केवळ खाद्य बदलण्यात धोका जवळजवळ नाही आणि लाभाचा संभव मोठा आहे. म्हणून हृदयाची कुरकुर ऐकू आली किंवा कुत्रा विनाकारण दमू लागला, की काय खातो, किती महिने खातो, पिशवीवरील यादीत कडधान्यांची किती नावे आहेत, हे प्रश्न आता तपासणीच्या खोलीत प्रथम विचारले जातात. रिकामी पिशवी असेल तर ती घेऊन यावयास सांगतात. रक्तातील टॉरीन मोजतात, हृदयाचे चित्र काढतात, डोबरमनसारखी जात असेल तर आनुवंशिकतेचाही विचार करतात. ज्या उत्पादकाकडे पोषणतज्ज्ञ आहेत आणि ज्याने आपले खाद्य कुत्र्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून पारखले आहे अशाचे, कडधान्ये कमी असलेले खाद्य सुरू करतात. औषधे चालू ठेवतात. मग काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढून दोन्हींतील मापे शेजारी शेजारी ठेवून पाहतात. स्नायूची शक्ती परत आलेली असेल तर घरातील दुसऱ्या कुत्र्यालाही, तो ठणठणीत दिसत असला तरी, तेच खाद्य मिळत होते काय, याची चौकशी होते आणि त्याचीही तपासणी करून घेण्याचा सल्ला देण्यात येतो.